अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्याच वर्षी लेखनाचा कोर्स का घ्यावा लागतो आणि तो निवडायचा कसा?

अमेरिकेतल्या कॉलेजात ॲडमिशन झालं, व्हिसा हातात आला, तिकीटही काढलं. आता फक्त बॅगा भरायच्या राहिल्या, असं वाटत असतानाच कॉलेजकडून एक ईमेल येतो. पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स निवडा, अमुक तारखेच्या आत. सोबत एखादी प्रश्नावली असते, नाहीतर एक उतारा देऊन त्यावर निबंध लिहायला सांगितलेलं असतं.

कॉम्प्युटर सायन्सला निघालेल्या पोरांना पहिला प्रश्न पडतो, "आम्ही कोडिंग शिकायला चाललोय, मध्येच निबंध कसला?" मग एखाद्या सीनिअरला मेसेज जातो, "सोपा कुठलाय?" आणि तिकडून जे उत्तर येईल त्यावर टिक केली जाते.

ही टिक चुकली तर एक सेमिस्टर, त्याची फी आणि पहिल्याच निकालातला जीपीए यांच्यावर परिणाम होतो. कित्येक अमेरिकन विद्यार्थ्यांची तर अशाच एका चुकीच्या वर्गामुळे डिग्रीच राहून गेली आहे. म्हणूनच कोण कुठल्या वर्गात बसणार आणि हे ठरवणार कोण, यावरून तिकडे दीडशे वर्षं वाद चालू आहे. त्यावर कायदेही झालेत. हा सगळा विषय नीट समजून घेऊ.

हा कोर्स नेमका असतो काय?

याला तिकडे फर्स्ट-इयर कॉम्पोझिशन किंवा नुसतं "इंग्लिश १०१" म्हणतात. इंजिनीअरिंग असो, नर्सिंग असो की संगीत, बहुतेक कॉलेजांत तो सगळ्यांना असतो. साधारण तीन क्रेडिटचा, एका सेमिस्टरचा.

नाव इंग्लिश असलं तरी हा व्याकरणाचा क्लास नाही. कविता-धड्यांचाही नाही. इथे वाचायचं, त्यावर स्वतःचं मत बनवायचं, ते पुराव्यानिशी मांडायचं, दुसऱ्याचं म्हणणं कुठून घेतलं ते सांगायचं आणि शिक्षकांनी शेरे मारले की तोच मजकूर पुन्हा लिहायचा. एका सेमिस्टरला असे चार-पाच मोठे निबंध होतात. अमेरिकेतल्या लेखन शिक्षकांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की या वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नसावीत, शक्यतो १५ च असावीत. कारण प्रत्येकाचा प्रत्येक खर्डा वाचायचा असतो.

आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीत सारांश, ब्लॉग, मुलाखतीचे प्रश्न, व्ह्यू-काउंटरव्ह्यू असं बरंच काही असतं. पण ते पान-दीड पानात संपतं आणि एकदाच लिहायचं असतं. तपासलेला पेपर घरी आणून तोच निबंध तीनदा लिहून काढला, असं फारसं कुणी केलेलं नसतं. त्यामुळे बारावीला इंग्रजीत ९० मार्क पडलेली मुलंही इथे गडबडतात. त्यांचं इंग्रजी कच्चं नसतं, हे काम त्यांना कुणी दिलेलंच नसतं.

निवडायला पर्याय कोणते असतात?

नावं कॉलेजागणिक बदलतात. पण ढोबळमानाने पाच प्रकार सापडतात.

*पहिला, सरळ कोर्स.* एक सेमिस्टर, तीन क्रेडिट, विषय संपला.

*दुसरा, स्ट्रेच.* तोच अभ्यास दोन सेमिस्टरमध्ये पसरवलेला. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने १९९० च्या दशकात ही पद्धत सुरू केली. अभ्यास सोपा करायचा नाही, वेळ जास्त द्यायचा आणि शक्यतो शिक्षक व सोबतची मुलं तीच ठेवायची, ही त्यामागची कल्पना. कॅलिफोर्नियात फ्रेस्नो स्टेटमध्येही एका सेमिस्टरचा आणि दोन सेमिस्टरचा असे दोन्ही रस्ते आहेत.

*तिसरा, को-रिक्विझिट.* सरळ कोर्सच घ्यायचा, पण त्याला जोडून आधाराचा एक जादा तास. मेरीलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने २००७ मध्ये याचं गाजलेलं मॉडेल उभं केलं. कच्ची समजली जाणारी मुलं सगळ्यांबरोबर इंग्लिश १०१ ला बसतात आणि नंतर तेच शिक्षक त्यांचा छोटा गट घेऊन अडलेलं सोडवून देतात.

*चौथा, बहुभाषिक विद्यार्थ्यांसाठीचा वर्ग.* ॲरिझोना स्टेटमध्ये इंग्लिश १०१ आणि १०२ ऐवजी १०७ आणि १०८ घेता येतात. अभ्यास समकक्षच, फक्त ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांना डोळ्यासमोर ठेवून शिकवलेला.

*पाचवा, वरचा कोर्स किंवा थेट सूट.* ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणजे एपी परीक्षेत १ ते ५ पैकी गुण मिळतात. काही कॉलेजं ३ वर सूट देतात, काही ४ किंवा ५ मागतात.

याशिवाय एक जुना प्रकार होता, रेमेडिअल. आधी कच्च्या मुलांचा वर्ग करा, पास झालात तर खऱ्या कोर्सला बसा. फी पूर्ण, वेळ पूर्ण, पण डिग्रीच्या हिशेबात क्रेडिट शून्य. खरा वाद झाला तो याच प्रकारावरून.

कोण कच्चं, हे ठरवायचं कुणी?

याची सुरुवात थेट हार्वर्डपासून होते. १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेश परीक्षेत इंग्रजी निबंध घातला. चांगल्या घरांतली, नामांकित शाळांतली मुलं परीक्षेला बसली आणि पहिल्या काही वर्षांतच निम्म्याच्या आसपास नापास होऊ लागली. मग १८८५ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षासाठी "इंग्लिश ए" नावाचा कोर्स सुरू केला. हळूहळू सगळ्या देशाने ती वाट धरली.

म्हणजे "हल्लीच्या पोरांना लिहिता येत नाही" ही तक्रार तिकडेही किमान दीडशे वर्षं जुनी आहे.

विसाव्या शतकात कॉलेजची दारं सगळ्यांसाठी उघडली. विद्यार्थी हजारोंनी यायला लागल्यावर प्रत्येकाचा निबंध वाचणं परवडेना. मग आल्या प्लेसमेंट टेस्ट. इथे प्लेसमेंट म्हणजे कॅम्पसमध्ये मिळणारी नोकरी नव्हे, तर कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं याचा निर्णय. कॉम्प्युटरसमोर बसा, वाक्यातली चूक ओळखा, चारपैकी एक पर्याय निवडा. तासाभराच्या या परीक्षेवर पुढची एक-दोन वर्षं ठरायची.

कित्येकांना तर परीक्षा इतकी महत्त्वाची आहे हेच माहीत नसायचं. तयारी न करता बसायचे आणि थेट दोन-तीन पायऱ्या खाली जायचे.

मग बिघडलं कुठे?

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी २०१२ ते २०१४ दरम्यान या परीक्षांचा हिशेब मांडला. इंग्रजीत साधारण तीनपैकी एक विद्यार्थी गंभीररीत्या चुकीच्या वर्गात टाकला जात होता. त्यातही जास्त चूक एकाच दिशेने व्हायची. जे थेट इंग्लिश १०१ मध्ये चांगल्या ग्रेडने पास झाले असते, त्यांनाच रेमेडिअलला पाठवलं जायचं. त्यापेक्षा शाळेतल्या चार वर्षांच्या ग्रेड बघितल्या तर अंदाज जास्त बरोबर येत होता.

एक पायरी खाली बसल्याने एवढं काय बिघडतं, असं वाटेल. साधं गणित करून बघा. समजा १०० मुलांना तीन पायऱ्या चढायच्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर ७० टक्के पास होतात. पहिल्या पायरीनंतर ७० उरतात, दुसरीनंतर ४९ आणि तिसरीनंतर ३४. एकाही वर्गाचा निकाल फार वाईट नाही, तरी दोन तृतीयांश मुलं वाटेतच गळाली. शिवाय मधल्या काळात कुणाची नोकरी बदलते, कुणाचे पैसे संपतात, कुणाला वाटतं आपल्याला हे जमणारच नाही. हे नापास होणं कागदावर दिसतही नाही. मुलं नुसती पुढच्या सेमिस्टरला येत नाहीत.

या सगळ्या टीकेनंतर कॉम्पास ही मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी प्लेसमेंट टेस्ट २०१६ मध्ये बंद झाली.

कॅलिफोर्नियाने काय केलं?

ऑक्टोबर २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी असेंब्ली बिल ७०५ वर सही केली. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांना हा कायदा सांगतो की विद्यार्थ्याला एका वर्षाच्या आत खऱ्या, क्रेडिटवाल्या इंग्रजी आणि गणिताच्या कोर्समधून पार पडायची जास्तीत जास्त संधी द्या. शाळेतल्या ग्रेड बघा. रेमेडिअलला पाठवायचंच असेल, तर थेट वरच्या वर्गात त्याचा निभाव लागणं अगदीच अवघड आहे, हे आधी दाखवा. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी ही मुदत तीन वर्षांची ठेवली.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनेही आपली इंग्रजीची प्लेसमेंट टेस्ट रद्द केली. २०२२ मध्ये असेंब्ली बिल १७०५ ने नियम आणखी कडक झाले.

परिणाम? पहिल्या वर्षातच इंग्लिश १०१ च्या दर्जाचा कोर्स पूर्ण करणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. आता सगळेच थेट वरच्या वर्गात येत असल्याने त्या वर्गात नापास होणारेही वाढले. शिक्षकांची तक्रार अशी की दार उघडलंत ते बरं केलंत, पण आधाराचा तास, छोटा वर्ग आणि ट्यूटर यांच्यासाठी पैसे कुठे आहेत? ही तक्रार रास्त आहे. रांग काढून टाकली म्हणजे मदतीची गरज संपली असं होत नाही.

विद्यार्थ्यालाच विचारलं तर?

परीक्षा नको आणि सक्तीही नको, असं म्हणणारा तिसरा रस्ता मिशिगनमधून आला. ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीतल्या डॅनियल रॉयर आणि रॉजर जाइल्स या दोन प्राध्यापकांनी १९९६ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. नव्या मुलांना सभागृहात बसवलं, दोन्ही कोर्समध्ये काय काय करावं लागतं ते सांगितलं, वाचन-लेखनाच्या सवयींबद्दल काही प्रश्न दिले आणि म्हणाले, आता तुम्हीच ठरवा. याला डायरेक्टेड सेल्फ-प्लेसमेंट म्हणतात. आज तुम्हाला जी प्रश्नावली ईमेलने येते, ती बऱ्याचदा याच प्रयोगाची नात आहे.

यावरही आक्षेप आहेत. आत्मविश्वास आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या घरी सगळे शिकलेले आहेत तो बिनधास्त वरचा कोर्स निवडतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली मुलगी तितकंच चांगलं लिहीत असली तरी खालचा निवडायची शक्यता असते. पण तरी एक फरक राहतो. वर्ग स्वतः निवडलेला असला की "मला इथे का टाकलं?" हा राग उरत नाही. मात्र निवड माहिती घेऊन झाली तरच ती निवड. नाहीतर तो नुसता अंदाज.

आपल्या मुलांचा यात काय संबंध?

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यातले बहुतेक एमएस वगैरेसाठी गेलेले. त्यांना हा कोर्स नसतो. पण साधारण ३६ हजार जण बारावीनंतर थेट पदवीसाठी गेलेले होते, आणि हा प्रश्न त्यांचा आहे. शिवाय तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं आहेत. बे एरियातले कित्येकजण आधी कम्युनिटी कॉलेज करून मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जातात. तिथे ट्रान्सफर घ्यायला इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स लागतात. पहिलाच लांबला की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं.

इथून जाणाऱ्यांसाठी व्हिसाचा मुद्दाही आहे. एफ-१ वर पदवीच्या विद्यार्थ्याने दर सेमिस्टरला साधारणपणे किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. उगाच वरचा कोर्स निवडला, अर्ध्यात झेपेना, म्हणून सोडून दिला आणि क्रेडिट १२ च्या खाली गेली, तर प्रकरण ग्रेडवर थांबत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी न घेता असं केलं तर व्हिसाचा दर्जाच अडचणीत येतो.

मग निवडायचं कसं?

प्रश्नावली भरण्याआधी हे सहा प्रश्न स्वतःला, आणि गरज पडली तर कॉलेजच्या सल्लागाराला विचारा.

*१. गेल्या दोन वर्षांत हजार शब्दांपेक्षा मोठं, स्वतःचं मत मांडणारं किती वेळा लिहिलंय?* आयबी बोर्डाच्या मुलांनी ४,००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे लिहिलेला असतो. स्टेट बोर्ड किंवा सीबीएसईच्या मुलांचं उत्तर बऱ्याचदा "एकदाही नाही" असतं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते खरं सांगा.

*२. पंधरा-वीस पानांचा लेख वाचून लेखकाचं म्हणणं आणि तुमचा आक्षेप चार वाक्यांत सांगता येतो का?* लेखनाच्या कोर्समध्ये मुलं जास्त अडतात ती वाचनात. एखादा मोठा लेख आजच घेऊन बघा.

*३. लिहिलेलं मोडून पुन्हा लिहिलंय का?* स्पेलिंग सुधारणं वेगळं आणि अख्खा परिच्छेद काढून टाकणं वेगळं.

*४. या कोर्सची क्रेडिट डिग्रीत धरली जातात का, आणि त्याने लेखनाची अट पूर्ण होते का?* सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. स्ट्रेच किंवा बहुभाषिक वर्गाची क्रेडिट पूर्ण धरली जात असतील, तर "खालचा वर्ग" म्हणून घाबरायचं कारण नाही. धरली जात नसतील, तर दोनदा विचार करा. काही ठिकाणी १२ क्रेडिटच्या वर ठराविक मर्यादेपर्यंत फी तीच राहते, तेही विचारून घ्या.

*५. पहिल्या सेमिस्टरला बाकी काय काय आहे?* कॅल्क्युलस, लॅब, प्रोग्रॅमिंग, शिवाय नवा देश आणि स्वतःच करायचा स्वयंपाक. हे सगळं एकदम असेल, तर आधाराचा तास असलेला कोर्स घेणं शहाणपणाचं.

*६. वर्ग बदलायची शेवटची तारीख कोणती?* सेमिस्टर सुरू झाल्यावर मोजके दिवस बदल करता येतो. पहिल्या आठवड्यात कोर्सचं नियोजन हातात पडतं. ते नीट वाचा आणि चुकलंय असं वाटलं तर तेव्हाच शिक्षकांना भेटा.

आता कशावरून ठरवू नये तेही बघू. उच्चारावरून नको. बोलण्यात अडखळणारी कित्येक मुलं उत्तम लिहितात आणि फाडफाड बोलणाऱ्यांचे निबंध पोकळ निघतात. मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम, यावरूनही नको. मराठीत वादविवाद गाजवलेल्या, वर्तमानपत्राला पत्रं लिहिलेल्या मुलाकडे मुद्दा बांधायची सवय आधीच असते, त्याला शब्द जमवायचे असतात. आणि बहुभाषिक वर्ग म्हणजे कमीपणा, असं समजून तर तो अजिबात टाळू नका. तिथले शिक्षक इंग्रजी पहिली भाषा नसलेल्यांना शिकवायची तयारी करून आलेले असतात.

एआयने निबंध लिहून दिला तर?

२०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून हा मोह सगळ्यांनाच आहे. प्लेसमेंटचा निबंध घरी बसूनच तर लिहायचाय. पण इथे फसवणूक कुणाची होते ते बघा. हा निबंध तुम्हाला बक्षीस देण्यासाठी नाही, तुम्हाला कुठे बसवायचं ते कळण्यासाठी आहे. एआयचा निबंध पाठवलात तर वर्ग एआयच्या पातळीचा मिळेल आणि त्यात सोळा आठवडे बसायचं मात्र तुम्हाला. वर्गात समोर बसून लिहायची वेळ आली की उघडं पडायला एक तास पुरतो.

आणि आपल्याकडे?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही भाषेसाठी अ‍ॅबिलिटी एन्हान्समेंट कोर्स आलेत. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात त्यांना पदवीची ८ क्रेडिट दिली आहेत. भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्हींतून वाचणं, लिहिणं, मांडणं यावं हा हेतू. कागदावर कल्पना तीच आहे. पण २० मुलांचा वर्ग, शेरे मारलेला खर्डा आणि पुनर्लेखन या गोष्टी नसतील, तर तोही गाइड वाचून पास व्हायचा आणखी एक पेपर होईल. निवड करताना आपली पोरंही हाच प्रश्न विचारू शकतात, "या कोर्समध्ये मी लिहिलेलं कुणी वाचणार आहे का?"

अमेरिकेने शंभराहून जास्त वर्षं मुलांना परीक्षेने वर-खाली बसवून बघितलं आणि आता बऱ्याच ठिकाणी ती निवड विद्यार्थ्याच्या हातात येतेय. ती वापरायची तर ईमेलमधली तारीख टळायच्या आत वरचे सहा प्रश्न घेऊन अर्धा तास बसा. सीनिअरला मेसेज त्यानंतरही करता येईल. फक्त तेव्हा "सोपा कुठलाय?" च्या ऐवजी विचारा, "तुझे निबंध कोण तपासायचं, आणि परत किती वेळा लिहायला लावायचं?"